नात्यांची वही लिहिणारी माणसं

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आपल्यापैकी बहुतेकांना आठवड्यातून एकदा तरी कुठल्या ना कुठल्या कंपनीचा फोन येतो. पलीकडची मुलगी आपलं नाव घेऊन बोलते. आपण गेल्या दिवाळीत कोणता फ्रीज घेतला, मार्चमध्ये त्याची तक्रार केली, दुरुस्तीचा माणूस दोन दिवस उशिरा आला, हे सगळं तिला ठाऊक असतं. ती आपल्याला ओळखते का? मुळीच नाही. तिच्या समोरच्या पडद्यावर आपली कुंडली मांडलेली असते, ती वाचून ती बोलते. ही कुंडली कशी मांडायची, तिच्यात घरं किती, कोणत्या घरात काय लिहायचं आणि ते कोणी वाचायचं, हे ठरवणारी माणसं वेगळी असतात. ती आपल्याला कधी दिसत नाहीत. आज मी त्यांच्याविषयी बोलणार आहे.

या कामाला 'कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट' म्हणतात. लघुरूप सीआरएम. मराठीत 'ग्राहक-संबंध व्यवस्थापन' असा प्रतिशब्द आहे, पण तो उच्चारेपर्यंत ग्राहक दुकान सोडून जाईल. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकाशी माझं नातं कविता टाइप करण्यापुरतं. हा विषय मला कळला तो माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात खराडीला नोकरी करते आणि गेली बारा वर्षं हेच काम करते आहे. "तू नेमकं करतेस काय?" असं मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "मामू, नाना वहीत लिहायचे ना, तेच. फक्त वही मोठी झाली आहे."

तिचे नाना म्हणजे माझे वडील. आम्ही मणियार. सोलापूरजवळच्या खेड्यांतून वडील बांगड्या भरत फिरायचे. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची एक लांबोडकी वही होती. तिच्यात गावागणिक पानं होती आणि पानांवर घरं. कोणाच्या मनगटाला सव्वादोन लागतात, कोणाला अडीच, कोणाच्या घरी वैशाखात लग्न आहे, कोणाची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार आहे, उधारी किती, सुगीला देणार की बाजाराच्या दिवशी, हे सगळं त्यात असायचं. भाचीने ती वही पाहिली आणि पडद्यावरची भाषा तिला एकदम सोपी झाली म्हणे. लग्न ठरल्याचं कानावर आलं, पण अजून कोणी बोलावलेलं नाही, तर ती 'लीड'. बोलावणं आलं की ती 'ऑपॉर्च्युनिटी'. बांगडी भरताना पिचकली आणि बाईने तक्रार केली की ती 'केस'.

आता या मोठ्या वहीचा थोडा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय ही माणसं कुठून आली ते कळणार नाही. १९८७ साली अमेरिकेत 'ॲक्ट' नावाची एक संगणकीय प्रणाली निघाली. विक्रेत्याने आपल्या ओळखीच्या माणसांची यादी आणि भेटीगाठी तीत ठेवायच्या. १९९३ मध्ये ओरॅकल कंपनीतून बाहेर पडलेले टॉम सीबेल यांनी भागीदारासह सीबेल सिस्टिम्स काढली आणि मोठमोठ्या कंपन्यांच्या हजारो विक्रेत्यांची वही एक केली. ती बसवायला महिनेच्या महिने लागत आणि पैसाही प्रचंड. मग १९९९ च्या मार्चमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका छोट्या भाड्याच्या घरात मार्क बेनिऑफ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी सेल्सफोर्सची सुरुवात केली. बेनिऑफही ओरॅकलचेच. त्यांचं म्हणणं असं, की सॉफ्टवेअर विकत कशाला घ्यायचं? वीज आपण विकत घेतो का वीजघर? महिन्याचं भाडं भरा आणि इंटरनेटवरून वापरा. 'सॉफ्टवेअर' या शब्दावर काट मारलेलं चिन्ह त्यांनी मिरवलं. २००० साली सीबेलच्या परिषदेबाहेर त्यांनी भाडोत्री निदर्शकही उभे केले होते! पुढे २००४ मध्ये सेल्सफोर्सचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात आले, आणि २००६ च्या जानेवारीत ओरॅकलने सीबेल गिळली. मायक्रोसॉफ्टने आपलं सीआरएम २००३ मध्ये काढलं. आपल्या देशातल्या झोहोने २००५ मध्ये. ही झोहो १९९६ पासूनची, श्रीधर वेम्बू यांची. तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यातही तिचं कार्यालय आहे.

या भाड्याच्या पद्धतीची एक गंमत भाचीने मला समजावली. हजारो कंपन्या एकाच यंत्रणेत बिऱ्हाडकरूसारख्या राहतात. भिंती पक्क्या, एकाला दुसऱ्याचं काही दिसत नाही, पण पाण्याची टाकी एक. एकाने नळ धोधो सोडून ठेवला तर बाकीचे कोरडे. म्हणून चाळीत असतात तसे इथे नियम आहेत. सेल्सफोर्सवर एका खेपेच्या कामात माहितीच्या साठ्याला साधारण १०० वेळाच विचारणा करता येते, त्यापुढे काम जागच्या जागी थांबतं. स्वतः लिहिलेल्या आज्ञावलीपैकी निदान ७५ टक्के भाग चाचणीखालून गेल्याशिवाय ती खऱ्या कामात चढवता येत नाही. आमच्या वेळी ३५ टक्क्यांना पास करत, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणून तर तुम्ही कवी झालात."

या व्यवसायात कोण कोण असतं? ॲडमिन म्हणजे वहीचा कारभारी. तो रकाने आखतो, कोणाला काय दिसावं ते ठरवतो, रोजच्या अडचणी सोडवतो. डेव्हलपर आज्ञावली लिहितो. कन्सल्टंट ग्राहकाच्या कचेरीत बसून त्यांचं काम कसं चालतं ते समजून घेतो. आर्किटेक्ट सगळ्याचा नकाशा काढतो. यांच्यात इंजिनिअर पुष्कळ, पण इंजिनिअर नसलेलेही पुष्कळ. या मंडळींत 'अपघाताने झालेला ॲडमिन' असा शब्दच आहे. कचेरीत नवी प्रणाली येते, ती बघायला कोणी नसतं, साहेब आजूबाजूला नजर टाकतात आणि जो सगळ्यात नीटनेटकं काम करतो त्याला म्हणतात, "हे तू बघ." माझी भाची बी.कॉम. होऊन एका कचेरीत माहिती भरायला लागली होती. तिला असंच "हे तू बघ" म्हटलं गेलं. ती बघायला लागली ती आजतागायत बघते आहे.

काम दिसायला थंड हवेतलं आहे, पण सोपं नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेतेरा. तिकडच्या ग्राहकाशी बोलायचं तर इकडची रात्र जाते. वर्षातून तीनदा, वसंत, उन्हाळा आणि हिवाळा अशा नावांनी, यंत्रणेची नवी आवृत्ती येते, आणि काल चालणारं काही आज मोडलं नाही ना हे तपासावं लागतं. त्यासाठी खऱ्या वहीची एक नक्कल ठेवतात. तिला 'सँडबॉक्स' म्हणतात, म्हणजे मुलांनी खेळायचा वाळूचा हौद. आधी तिथे किल्ला बांधून पाहायचा. प्रमाणपत्र एकदा मिळालं की जन्माचं झालं, असंही नाही. ते जिवंत ठेवायला नवीन भाग शिकून लहान लहान चाचण्या देत राहावं लागतं. पस्तिशी-चाळिशीतल्या बायका मुलांचा अभ्यास घेता घेता स्वतःचा अभ्यास करताना मी पाहिल्या आहेत.

पण सगळ्यात अवघड काम यंत्राचं नाही, माणसांचं आहे. वही कितीही छान आखली तरी लिहिणारा लिहीत नाही! विक्रेत्याला वाटतं, माझी गिऱ्हाइकं ही माझी कमाई, ती वहीत घातली की उद्या मला काढून टाकायला हे मोकळे. त्यातून साहेब रोज पडदा उघडून विचारणार, हा सौदा अजून इथेच का? या प्रणालीत सौद्याला टक्के असतात. नुसती चाचपणी सुरू असली की १०, वाटाघाटींपर्यंत आला की ९०, झाला की १०० आणि गेला की शून्य. तेव्हा विक्रेता शनिवारी संध्याकाळी घाईघाईने मनाला येईल ते टक्के टाकून मोकळा होतो. "जे वहीत नाही ते घडलंच नाही," असं या व्यवसायातलं एक वाक्य आहे. साहेबांना ते आवडतं. भाची म्हणते, "मामू, आमचं निम्मं आयुष्य लोकांना हे पटवण्यात जातं, की ही वही त्यांच्या पाळतीसाठी नाही. आणि उरलेलं निम्मं, ती खरोखरच पाळतीसाठी वापरली जाऊ नये म्हणून भांडण्यात."

नावांचाही एक झगडा असतो. सेल्सफोर्समध्ये माणसाची नोंद करताना पहिलं नाव नसलं तरी चालतं, आडनाव मात्र सक्तीचं. दक्षिणेत कित्येकांना आडनावच नसतं. मग भरणारा तिथे नुसता टिंब टाकतो. त्या माणसाला पत्र जातं ते 'प्रिय श्री. टिंब' म्हणून. आमच्याकडे उलटा प्रकार. एकच माणूस कुठे मोहम्मद, कुठे महंमद, कुठे नुसता 'मो.', आणि आडनाव कधी शेख तर कधी मणियार. यंत्राला ती चार माणसं वाटतात. एकाच घरी चार पत्रं जातात. ती चार नावं जुळवून 'हा एकच माणूस आहे' असं ठरवणं हे या मंडळींचं रोजचं काम. चुकून दोन वेगळ्या शेखांना एक केलं तर एकाचं कर्ज दुसऱ्याच्या माथी. म्हणून हे काम जपून, हळूहळू करावं लागतं. त्याचं कौतुक कोणी करत नाही, कारण ते नीट झालं की काहीच होत नाही.

आता मुद्द्याची एक गोष्ट सांगतो.

भाची एका कंपनीचं काम पाहत होती. त्या कंपनीतून ग्राहकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा आपोआप जात. एके दिवशी तिथल्या तक्रार विभागातला एक मुलगा तिच्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, एका बाईंचा फोन होता. यजमान जाऊन दीड वर्ष झालं. दोनदा कळवलं, तरी त्यांच्या नावाने वाढदिवसाचा संदेश आला. शंभर वर्षं जगा, असं लिहिलं होतं. त्या रडत नव्हत्या, पण फोनवर बराच वेळ काही बोलल्या नाहीत." भाचीने पडदा उघडून पाहिला. त्या गृहस्थांची नोंद होती, खरेदी होती, तक्रारी होत्या. माणूस गेल्याचं लिहायला मात्र जागाच नव्हती. ज्या कोणी ती वही आखली त्याच्या मनात ग्राहक मरतो हे आलंच नव्हतं. बाईंनी दोनदा कळवलेलं 'शेरा' या रकान्यात कुठेतरी पडून होतं आणि यंत्र शेरे वाचत नव्हतं.

तिने एक लहानशी चौकट घातली. तिच्यात खूण केली की त्या नावाने जाणारे सगळे संदेश, पत्रं, फोन थांबतील. एवढंच. अर्ध्या दिवसाचंही काम नाही. पण अशी आणखी किती घरं असतील, या विचाराने ती अस्वस्थ झाली, आणि येत्या शनिवारी तिने तो प्रश्न आपल्या मंडळात मांडला.

हे मंडळ म्हणजे काय, ते सांगायला हवं. या प्रणाली वापरणाऱ्यांचे गट जगभर गावोगावी आहेत. पुण्यात आहेत, मुंबईत, हैदराबादेत, जयपूरला आहेत. चालवणारे स्वयंसेवक, पगार नाही. सुट्टीच्या दिवशी कोणीतरी आपल्या कचेरीचा हॉल मिळवून देतं, चहा आणि समोसे येतात, एक जण काहीतरी शिकवतो आणि मग खरी बैठक सुरू होते ती जिन्यात आणि पार्किंगमध्ये. मी एकदा भाचीबरोबर गेलो होतो. वीस-बावीस वर्षांची मुलं होती, बाळंतपणानंतर सहा वर्षांनी कामावर परतू पाहणारी एक बाई होती, बँकेतून बाहेर पडून पन्नाशीत हे शिकणारे एक गृहस्थ होते. एकाने अडचण मांडली की तिघे त्याच्या लॅपटॉपवर वाकत. आपापल्या कंपन्या एकमेकींच्या स्पर्धक आहेत याचं कोणाला भान दिसलं नाही.

मला हे नवीन नव्हतं. शायरीत याला 'इस्लाह' म्हणतात. नवखा शायर आपली गझल उस्तादाकडे नेतो, उस्ताद शब्द बदलून देतो, मात्रा सांभाळून देतो, मोबदला घेत नाही. मराठीत सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली आणि शिकू पाहणाऱ्यांना ती टपालाने पाठवली, हे आमच्या पिढीला माहीत आहे. सेल्सफोर्सनेही २०१४ मध्ये 'ट्रेलहेड' नावाची फुकट शाळा इंटरनेटवर काढली. एकेक धडा शिकायचा, बिल्ला मिळवायचा. १०० बिल्ले आणि ५० हजार गुण झाले की तुम्ही 'रेंजर'. मोठमोठी माणसं बिल्ल्यांसाठी धडपडताना पाहून मला प्रथम हसू आलं. पण नागपूरच्या किंवा नांदेडच्या मुलाला क्लासची फी न भरता हे शिकता येतं, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

फरक आहे तो इथे. भटांची बाराखडी गझलेसाठी होती. ट्रेलहेड कंपनीसाठीही आहे. जितके लोक शिकतील तितकी तिची वही जास्त खपेल. स्वयंसेवक शनिवारी शिकवतो ते प्रेमाने, पण त्यातून वाढतो तो कंपनीचा धंदा. भाचीला हे कळत नाही असं नाही. ती म्हणते, "कंपनीला फायदा होतो, होऊ दे. मलाही झाला. पण मंडळ कंपनीचं आहे असं मी मानत नाही." आणि गंमत अशी, की ग्राहकांच्या याद्या जगाला करून देणाऱ्या या मंडळींची स्वतःची यादी सीआरएममध्ये नाहीच, ती व्हॉट्सॲपच्या गटात आहे.

मंडळात सगळं गोडच आहे असंही नाही. परीक्षेतले प्रश्न चोरून विकणारे आहेत. अनुभव नसताना तीन वर्षांचा अनुभव कागदावर दाखवणारे आहेत, आणि तसं दाखवून देणारी दुकानं आहेत. पाच-पाच प्रमाणपत्रं हातात घेऊन पहिल्या नोकरीसाठी वणवणणारी मुलं आहेत. जो तो म्हणतो अनुभव आणा, आणि अनुभव द्यायला कोणी तयार नाही. पुण्याच्या या मंडळाने त्यावर एक तोड काढली. लहान सामाजिक संस्थांना सेल्सफोर्सकडून १० जणांपुरता वापर मोफत मिळतो. पण ते बसवून द्यायला माणूस नसतो. नवख्या मुलांनी दोन अनुभवी माणसांच्या देखरेखीखाली अशा संस्थांचं काम करायचं. संस्थेची वही होते, मुलांच्या हातून खरं काम होतं. त्यातल्या सगळ्यांना नोकऱ्या लागल्या नाहीत. काहींना लागल्या.

सेल्सफोर्सने आपल्या लोकांसाठी बरीच वर्षं एक हवाईयन शब्द वापरला, 'ओहाना', म्हणजे कुटुंब. २०२३ च्या जानेवारीत त्या कंपनीने आपल्या सुमारे १० टक्के माणसांना, म्हणजे जवळजवळ ८ हजार जणांना, कमी केलं. तसं कळवणाऱ्या पत्रातही, जाणारी माणसं आपल्या कुटुंबातली आहेत, असा उल्लेख होता. शब्दांवर जगणारा माणूस म्हणून मला हे खटकतं. कुटुंबात भांडणं होतात, वाटण्या होतात, अबोला धरला जातो. पण तिमाहीचा हिशेब पाहून दहातल्या एका भावाला काढत नाहीत. कंपनीने कंपनी असावं, त्यात काही वाईट नाही. तिने नात्याचा शब्द उसना घेतला की परतफेड करावी लागते, आणि ती कंपनीला जमत नाही.

त्याच वर्षी पुण्याच्या मंडळातल्या एकाची नोकरी गेली. दुसऱ्याच एका कंपनीतली. घराचे हप्ते चालू, आईचं आजारपण. दोन आठवडे तो सकाळी डबा घेऊन घरातून निघायचा आणि संध्याकाळी परतायचा. घरी सांगितलंच नव्हतं. त्याने प्रथम सांगितलं ते मंडळात. मग दर शनिवारी त्याच्या खोट्या मुलाखती घेतल्या गेल्या. कोणीतरी एका परीक्षेची फी भरली, कोणी भरली ते अजून त्याला माहीत नाही. पाच महिन्यांनी काम मिळालं, आधीच्यापेक्षा कमी पगारावर. कुटुंब हा शब्द वापरायचाच असेल, तर मी तो इथे वापरीन. पण या लोकांनी तो एकदाही वापरला नाही.

आणि आता पुढचं वादळ. २०२४ मध्ये सेल्सफोर्सने 'एजंटफोर्स' आणलं. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे हे कारकून ग्राहकाशी स्वतःच बोलतात, तक्रार घेतात, उत्तर देतात. २०२५ मध्ये बेनिऑफ यांनी एका मुलाखतीत सांगितलं, की ग्राहक-साहाय्याच्या विभागात ९ हजार माणसं होती, ती आता सुमारे ५ हजारांवर आली आहेत. भाची हे नवं तंत्रही शिकते आहे. तिचा मुलगा तिसरीत आहे, घराचं कर्ज अजून अकरा वर्षांचं आहे. शिकण्यावाचून इलाज नाही.

यंत्राला भावना नसतात, असं म्हणून मला टाळ्या घ्यायच्या नाहीत. यंत्र शोकसंदेशही सुंदर लिहील, माझ्यापेक्षा सुंदर लिहील, दिवसाला लाखभर लिहील. प्रश्न गप्प बसण्याचा आहे. आणि गप्प बसायचा नियमही यंत्राला घालून देता येतो, तोही प्रश्न नाही. प्रश्न असा, की तो नियम हवा आहे हे सुचणार कोणाला? त्या बाईंचा फोन एका मुलाने घेतला. बाई बराच वेळ बोलल्या नाहीत हे त्याच्या लक्षात आलं. हे काही कुठल्या रकान्यात भरायचं नव्हतं, तरी तो जागचा उठून भाचीकडे गेला. भाचीने चौकट घातली ती त्या मुलाच्या उठून येण्यामुळे. ९ हजारांचे ५ हजार होतात तेव्हा पगार वाचतो तो दिसतो. उठून येणारी किती माणसं कमी झाली, हे कोणत्याही अहवालात येत नाही.

शनिवारच्या त्या बैठकीत भाचीने प्रश्न मांडला तेव्हा तीन जणांनी हात वर केले. विमा कंपनीचं काम करणाऱ्याला हाच अनुभव, रुग्णालयाचं करणारीला हाच, शाळेचं करणाऱ्यालाही. दान घेणाऱ्या संस्थांसाठीच्या तयार वहीत ही चौकट आधीपासून असते, असंही एकाने दाखवून दिलं. धंद्यासाठीच्या वहीत मात्र ज्याची त्याने घालून घ्यायची. त्या दिवशी त्यांनी एक टिपण तयार केलं आणि ते कोणालाही वापरायला मोकळं ठेवलं. अलीकडे त्यात कायद्याची भर पडली आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्याकडे २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. आपल्या मृत्यूनंतर आपल्या माहितीबाबतचे हक्क कोणी बजावायचे, तो माणूस नेमण्याची तरतूद त्यात आहे. बँकेत वारस लावतो तसंच. युरोपच्या २०१८ पासूनच्या कायद्यात तर आपली नोंद पुसून टाका असं सांगण्याचाही हक्क आहे. कवी जन्मभर लोकांच्या आठवणीत राहण्यासाठी धडपडतो, आणि इथे विसरलं जाण्याचा हक्क! पण विचार केला की पटतं. कोणी कोणाला लक्षात ठेवावं, यावर ज्याचं त्याचं काही म्हणणं असतंच.

माझ्या वडिलांच्या वहीत अशा घरांसाठी काहीच लिहिलेलं नसे. ज्या घरी बाईचं कुंकू पुसलं गेलं, त्या पानाचा कोपरा ते दुमडायचे. त्या गावात गेले की "बांगड्याऽऽ" ही हाळी त्या दारापाशी बंद व्हायची आणि चार घरं ओलांडल्यावर पुन्हा सुरू व्हायची. ग्राहक गेला म्हणून नव्हे, तर त्या घराला ती हाळी ऐकू येऊ नये म्हणून. वर्षभराने कधी त्या घरची लेक किंवा सून स्वतःहून बोलवायची, तेव्हा कोपरा सरळ व्हायचा. व्यवसायाचं ज्ञान फक्त कोणाला हाक मारायची यात नसतं, हे मी त्या दुमडलेल्या कोपऱ्यावरून शिकलो.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. आपल्याकडच्या एका सहकारी बँकेसाठी वहीचे सगळे रकाने मराठीत करायचे आहेत, त्या चौकटीला काय नाव द्यावं? 'मृत' लिहिलं तर काउंटरवर विधवा बाईसमोर तो शब्द झळकणार. 'कैलासवासी' सगळ्यांना चालणार नाही, 'मरहूम' तर मुळीच सगळ्यांना कळणार नाही. "मामू, तुम्ही कवी आहात, एक शब्द द्या." मी कवितेतला शब्द दिला नाही. आपले पेन्शनर दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन एक दाखला देतात, हयातीचा दाखला. हा मूळचा अरबी शब्द शेकडो वर्षांत इतका आपला झाला आहे, की तो कुठून आला हे तलाठ्यालाही आठवत नाही आणि पंढरीच्या वारकऱ्यालाही. मी म्हटलं, "लिही, 'हयात नाहीत'. आदरार्थी लिही."

ती पलीकडे टाइप करत असल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बसलं, मामू. रकान्यात बरोबर बसलं."